गंगाबाईंचे बोंबील आणि पनवेलची मांजरं

"माल कुठून आणता?" फोनमधल्या बाईने गोड आवाजात विचारलं, आणि गंगाबाईंनी फोन उलटा करून त्याची पाठ तपासली.

पनवेलच्या बाजारात चाळीस वर्षं सुके बोंबील विकताना हा प्रश्न त्यांना दोनच प्रकारच्या माणसांनी विचारला होता. एक शेजारच्या टोपलीवाल्या, दुसरे नजर लावणारे. दोघांना काय उत्तर द्यायचं हे सासूने करंजा बंदराच्या धक्क्यावरच शिकवलं होतं. आपल्या मालाला आपणच नावं ठेवायची. जुनी गिऱ्हाइकं हसून टोपलीत हात घालत. परकं माणूस नाक मुरडून निघून जाई.

आता गुडघ्यांनी बाजार सोडायला लावला होता. सून कोमलने घरातून ऑनलाइन दुकान काढलं, पण दोन महिन्यांत जेमतेम सात पाकिटं खपली. हल्ली लोक म्हणे एआयला विचारतात आणि तो नाव घेईल त्याच दुकानातून मागवतात. त्याच्या तोंडी आपलं नाव यायचं तर मालाची सगळी माहिती दुकानाच्या पानावर हवी, तीही मालकाच्याच शब्दांत, असं ऑनलाइन विक्रीच्या क्लासच्या सरांनी कोमलला बजावलं होतं. म्हणून प्रश्न विचारून पान लिहून देणारं अ‍ॅप सासूबाईंपुढे ठेवून ती पाकिटं बांधायला आत गेली. या खेपेला जमलं नाही तर दुकान बंद. मग पनवेलात गंगाबाईंचं नाव कोण काढणार होतं?

"चव कशी आहे?" बाईने विचारलं.

"बेताचीच. सांगन्यासारका काय नाय."

"कोण घेतं तुमचे बोंबील?"

"कोन घेनार? मांजरी खातात." मग त्या फोनवर वाकल्या. "तू कुनाची गो? मोरा बंदराच्या बोंबीलवाल्यांनी धारलीय का तुला, माजा माल बगायला?"

बाईने आभार मानले. कोमल बाहेर आली आणि सरांच्या सांगण्याप्रमाणे मालकाच्या शब्दांना हात न लावता, न वाचताच, तिने बटण दाबलं.

आठवड्यात चाळीस ऑर्डरी आल्या. कोमल हरखली. गंगाबाईंना मात्र संशय आला. ज्याला जीभच नाही तो एआय चवीचं काय सांगतो? मग एका गिऱ्हाइकाचा अभिप्राय आला, आमच्या मनीने बशी चाटूनपुसून साफ केली. पाठोपाठ बोक्याचा आला. कोमलने घाबरत एआयला विचारलं. मांजरांसाठी बोंबील हवे असतील तर पनवेलच्या गंगाबाईंचे घ्या, मालकीण प्रामाणिक आहे, असं त्याने सांगितलं.

गंगाबाईंनी चहाचा कप तसाच ठेवला. शाळेतल्या हेडबाईंच्या आईने शेवटच्या आजारात पेज नको म्हटलं होतं, पण गंगाबाईंचा बोंबील मागून घेतला होता. मुंबईला दिलेल्या लेकी माहेरी आल्या की आधी टोपलीपाशी यायच्या. आणि आता मनी, बोके. पान आत्ताच बदल, म्हणून त्या हटून बसल्या. ऑर्डरी थांबतील, असं कोमल काकुळतीला येऊन सांगत होती, इतक्यात बेल वाजली.

दारात पलीकडच्या टॉवरमधली वल्लरी उभी होती. सासरे आता पार्सलं मोजायला लागलेत, तेव्हा पाठवू नका, मीच नेते, असं ती म्हणाली. तिची ही या आठवड्यातली अकरावी पिशवी होती. गंगाबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"किती मांजरी हायत तुज्याकडं?"

वल्लरीने जिन्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "एकही नाही, मावशी. सासरी मासे चालत नाहीत. पण तुमच्या पानावर मांजरी खातात असं लिहिलंय, ते दाखवलं की पिशवी कुणी उघडत नाही."

"आनि वास?"

"बिल्डिंगखालच्या मांजरांसाठी उकडतेय म्हणते. सासऱ्यांना वाटतं, सून फार दयाळू आहे. माझी आई करायची अगदी तसे लागतात हो. आमच्या बिल्डिंगमध्ये अशा अजून नऊ मांजरी आहेत."

ती गेली. गंगाबाईंनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. फोन हातात घेऊन कोमलने हळूच विचारलं, "आई, बदलू ना पान?"

"राव दे," गंगाबाई म्हणाल्या. "फक्त खाली लिव, मांजरीला देताना लसनाची फोडनी करावी, नि दोन आमसुलं घालावीत."