बाप्तिस्म्याच्या टाकीत पोहणारी सून

सासऱ्यांच्या मातीला निघताना मी पिशवीत काळ्या झग्यांच्या तळाशी पोहायचा पोशाख ठेवला. एवढंच केलं. पुढे जे झालं त्याचा दोष मला द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण आधी ऐकून घ्या.

मी फिदेलिया. बंदरावर मासळी विकते. जत्रेच्या रविवारी आमच्याकडे चाळिशीपुढच्या बायका धक्क्यापासून समोरच्या बेटापर्यंत पोहत जातात. गेल्या वर्षी मी अर्ध्यात गळपटले आणि होडीवाल्यानं लांब बांबूच्या आकड्यानं माझा पोशाख पाठीत धरून मला वर ओढलं. सगळ्या गावादेखत. (पोशाख फाटला. कुठे, ते विचारू नका.) तेव्हापासून शेजारच्या ओट्यावरची क्लेमेन्सिया रोज गिऱ्हाइकाला सांगते, "ताजी हवी तर इकडे या. तिच्याकडची आकड्यानं ओढलेली असते." वर्षभर हे ऐकलं. वर्षभर दात खाऊन समुद्रात हातपाय मारले. आणि जत्रा तोंडावर आली तशी सासरे गेले.

माणूस भला होता, पण वेळकाळ त्यांना कधी कळलाच नाही.

"नऊ दिवस प्रार्थना चालणार," माझा नवरा रुफिनो म्हणाला. "शुक्रवारी संपते. शनिवारी खाली उतरू, रविवारी तू पोह."

"म्हणजे नऊ दिवस पाण्याशिवाय?"

"पाणी आहे की तिथे. प्यायला."

सासर वर डोंगरात आहे. तिथे धुकं दारातून आत येतं आणि पाहुण्यासारखं खुर्चीवर बसतं. तलाव नाही. नदी आहे, पण तिच्यात घोटे भिजले तरी नशीब. अंगणात धुण्याभांड्याची सिमेंटची टाकी तेवढी होती. म्हटलं, हात नाही तर नाही, निदान दम तरी राखू. पहिल्याच सकाळी टाकीत डोकं घातलं. बुडबुडे सोडायचे, मान वळवायची, श्वास घ्यायचा, परत आत. वर आले तर मागे सासूबाई.

या बाईनं लग्न झाल्यापासून मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. मी म्हणजे 'ती मासेवाली'. तिनं माझे लाल डोळे बघितले आणि तिचा चेहराच उतरला.

"रड, पोरी," ती म्हणाली. "माझ्या पोटच्या पोरांनी डोळे ओले केले नाहीत. आणि तू कुणाला दिसू नये म्हणून पाण्यात तोंड घालून रडतेस."

मी परत डोकं बुडवलं.

दुपारपर्यंत गावभर झालं की मासेवालीनं सासऱ्याच्या दुःखात टाकीत जीव द्यायला घेतला होता. प्रार्थनेला येणाऱ्या बायका माझ्या हातात सगळ्यात मोठा तमाल, पानात उकडलेला मक्याचा गोळा, ठेवायला लागल्या. (मी खाल्ला. दुःखात भूक लागते.) रुफिनो तेवढा कोपऱ्यातून बघत होता. "तू माझ्या बापासाठी रडत नव्हतीस," रात्री तो म्हणाला. मी म्हटलं, "तूही नाही रडलास. झोप."

पण टाकीत डोकं घालून हात थोडेच चालतात. तिसऱ्या दिवशी मला शेजारची भिंत दिसली. भिंतीपलीकडे इव्हँजेलिकल लोकांचं देऊळ. आम्ही कॅथलिक, कपाळावर पाण्याचे चार थेंब पडले की झालो ख्रिस्ताचे. ते लोक अख्खा माणूस बुडवतात. आणि अख्खा माणूस बुडवायचा तर अख्खी टाकी लागते.

पास्टर आब्नेर झाडू मारत होते. मी सरळ विचारलं, "टाकी केवढी आहे?"

त्यांनी पडदा सरकवला. व्यासपीठामागे निळी रंगवलेली टाकी, छातीभर खोल, आडवं झालं तर डोकं एका भिंतीला आणि पाय दुसरीला. बुडाला हिरवं शेवाळ.

"ताई, हे पाणी जुनं आयुष्य सोडणाऱ्यांसाठी आहे," ते म्हणाले.

"मला आयुष्य सोडायचं नाही. मी मोटारीच्या ट्यूबनं कंबर बांधते, दुसरं टोक तुमच्या खांबाला. पोहायचं, पण जागच्या जागी."

"कशासाठी?"

मी आकड्याची गोष्ट सांगितली. फाटल्याचं सोडून. त्यांनी हसू दाबलं, मग खोकले. "शुक्रवारी आमचा बाप्तिस्मा आहे. टाकी खरवडायला माणूस मिळत नाही."

"मी खरवडते. आजच भरा."

"पाण्यात उतरतेच आहेस तर, ताई, सहज थोडं मनावर..."

"पाणी मला द्या, पास्टर. बाकीचं तुमच्याकडेच राहू दे."

मग रोज दुपारी मी सासूबाईंना सांगायची, थडग्यावर जाऊन येते. खांबाला ट्यूब बांधून हात मारत सुटायची. पाणी असं गार की दात आपोआप जपमाळ ओढायचे. ओले केस घेऊन परत आले की सासूबाई विचारायच्या, "वर पाऊस होता?" मी म्हणायची, "थडग्यावर होता." त्या माझे केस आपल्या शालीनं पुसायच्या. ती शाल मला अजून टोचते. एकदा वाटलं सांगून टाकावं. मग आकडा आठवला.

शुक्रवारी शेवटची प्रार्थना. घर माणसांनी भरलेलं, सासऱ्यांसाठी घरात मांडलेल्या वेदीवरची फुलं उचलायची होती. मी म्हटलं, शेवटचे चार हात मारून येते. पास्टरांनी संध्याकाळच्या बाप्तिस्म्यासाठी माईक टाकीच्या काठावर आणून ठेवला होता, भोंगा लावून बघितला होता आणि बंद करायचा विसरून ते जेवायला गेले होते. भोंगा छपरावर, तोंड थेट आमच्या अंगणाकडे. माझ्या डोक्याला रबरी टोपी, कान पाण्यात. मला काय कळणार?

तिकडे काय झालं ते रुफिनोनं नंतर सांगितलं. प्रार्थना सांगणारी बाई मेलेल्याच्या आत्म्याला शांती मागत होती. तेवढ्यात आभाळातून धापा आल्या. मग आवाज, "देवा रे, मेले. पोचव मला पलीकडे." बाईनं गुडघे टेकले. सगळ्यांनीच टेकले. मग आभाळ म्हणालं, "सासूबाईंना थडग्यावर जाते म्हणून सांगितलंय. केस वाळले नाहीत तर म्हातारी सालटं काढील."

रुफिनो म्हणतो, त्यानं कॉफीच्या कपात इतकं खाली बघितलं की नाकाला कॉफी लागली.

मी वर तोंड काढलं तेव्हा पडदा बाजूला झालेला होता आणि सासूबाई उभ्या होत्या. काळी शाल, हातात माळ, आयुष्यात पहिल्यांदा त्या देवळात. मागे भाकरीचा तुकडा हातात घेतलेले पास्टर. मी परत पोहायला लागले. (तुम्ही काय केलं असतं?)



"ही निघालीय कुठे?" त्यांनी पास्टरांना विचारलं.

"कुठेच नाही, आजी. बांधलेली आहे."

"आणि रोज हेच करते?"

"रोज. टाकी मात्र स्वच्छ केली."

मी अजून जोर लावला आणि ट्यूब तुटली. मी सरळ जाऊन समोरच्या भिंतीवर डोकं आपटलं. तेव्हा सासूबाई हसल्या. आधी शालीआड, मग खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नवरा गेल्यापासून ही बाई ना हसली होती ना रडली होती. ते दोन्ही एकदम झालं, आणि भोंग्यातून सगळ्या गावानं ऐकलं.

"त्याला आंघोळीला पाठवायला माझा जन्म गेला," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आणि त्याच्या दुःखाचं नाव पुढे करून ही रोज डुंबते. बाहेर ये, फिदेलिया. गारठशील."

नावानं.

शनिवारी आमच्याबरोबर बसमध्ये त्याही चढल्या. कुणी बोलावलं नव्हतं. रविवारी होडीवाल्याच्या शेजारी जाऊन बसल्या, काळ्या शालीत, उन्हात. अर्ध्यात माझे खांदे भरून आले आणि गेल्या वर्षीचाच माणूस गेल्या वर्षीचाच आकडा घेऊन उठला. मी पाण्यातून बघितलं, सासूबाईंनी त्याच्या हातावर माळ हाणली.

"हात लावायचा नाही. ती चाललीय."

"कुठे चाललीय, आजी?"

"पुढे. तुला दिसत नसेल, पण चाललीय."

मी पोचले. माझ्या पायानं बेटाच्या वाळूवर चढले. बाकीच्या बायका पोचून, कपडे बदलून, तळलेले मासे खाऊन बसल्या होत्या. बँडवाले वाद्यं पिशव्यांत भरत होते. क्लेमेन्सिया तोंडात माशाचा काटा धरून माझ्याकडे बघत राहिली. पाठीत आकडा नव्हता, त्यामुळे तिला काही बोलता येईना. मी छाती पुढे काढून सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले.

त्यांनी शालीनं माझे केस पुसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "टाकीत ट्यूब होती म्हणून तू जागची हलत नव्हतीस, ते मी समजले. इथे तुला कशानं बांधलं होतं?"