पाय काय म्हणतोय?

आमच्या शेजारच्या अय्यांच्या पाया पडायला गेलेला माणूस धडपणे पाया पडून उठलाय, असं मी कधी पाहिलं नाही. कारण तुम्ही वाकलात की तेही वाकायचे. तुमचा हात त्यांच्या पावलापर्यंत पोचायच्या आत त्यांची दोन बोटं तुमच्या घोट्याजवळ नाडी शोधायला लागलेली असायची. मग डोक्यावर डोकं आपटायचं. गल्लीतल्या एका लग्नात नवरा-नवरी जोडीनं वाकली, तर अय्यांनी दोन हातांनी दोघांचा एकेक पाय धरला. नवरी किंचाळली. तिच्या मामाला वाटलं, म्हातारा जोडवी काढून घेतोय. अय्या डोळे मिटून शांतपणे म्हणाले, "दोन्ही पाय खुशीत हाईत. चालू द्या तुमचं."

अय्या म्हणजे डॉक्टर शिवलिंगय्या. चांगले शिकलेले, मोठ्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले आणि आता घराच्या पुढच्या खोलीत फक्त पाय तपासणारे. जन्मानं जंगम. लिंगायत घरांत जंगमाला पाटावर बसवतात, त्याचे पाय धुतात आणि ते पाणी तीर्थ म्हणून घेतात. ज्याच्या पायाचं तीर्थ घ्यायचं, तोच खाली बसून आपल्या पायाला हात लावतोय म्हटल्यावर भाविक माणसं चटका बसल्यासारखी मागं उडायची. "अय्या, पाप लागतंय वो!" असं ओरडायची. स्वतःच्या पायाला मात्र अय्या कुणाला बोट लावू देत नसत. का, ते कुणी विचारलं की पंचा पायावर ओढून घ्यायचे आणि विषय बदलायचे.

तोंडाकडे ते बघायचेच नाहीत. मंडईत एकदा मी समोरून हसले, नमस्कार केला, तर ओळख न दाखवता पुढं गेले. मग थबकून, मान खाली घालूनच मागं आले. "व्हय की, बाई तुम्ही! चपलेचा अंगठा बगून कळलं." 'कसं काय' असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न, "पाय काय म्हणतोय?" आणि तुम्ही 'बरा आहे' म्हणालात तर म्हणायचे, "तुम्ही गप बसा. तोंड खोटं बोलतंय. त्याला बोलू द्या."

पाय बोलायचा तो त्यांच्या मशीनमधून. पेनाएवढी कांडी आणि तिला जोडलेली छोटी पेटी. पावलाला गार जेल लावून कांडी टेकवली की पेटीतून रक्ताचा आवाज यायचा, हुऽश्श, हुऽश्श. मग घोट्यावर पट्टा बांधून हवा भरायची, म्हणजे आवाज बंद. हवा सोडत जायची, आणि आवाज जिथं परत येईल तो आकडा म्हणजे पायाचं प्रेशर. "हाताएवढं पायाचं प्रेशर पायजे, थोडं जास्तच पायजे," अय्या समजावून सांगायचे. "कळंब्याच्या तळ्यात पाणी हाय, पर तुमच्या नळाला येत न्हाय, तर काय समजायचं? मधी पाइप चोंदलाय. तसंच ह्ये." हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की शाळेत मुलींना रक्ताभिसरण शिकवताना माझ्या तोंडून कळंबा तलाव निघून गेला आणि त्या वर्षी निम्म्या वर्गानं तो पेपरात लिहिला.

इथपर्यंत सगळं गमतीचं. पण आमची आणि अय्यांची भिंत एक होती, आणि त्या भिंतीचं मला काही गमतीचं वाटत नव्हतं.

हे घर आम्ही घेतलं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यात. यजमान इचलकरंजीला सुताच्या व्यवहारात, आठवड्याला यायचे. पहिल्याच संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावला आणि भिंतीतून आवाज सुरू झाला. हुऽश्श. हुऽश्श. कुणीतरी पलीकडं भिंतीला तोंड लावून दम घेत असावं तसा. तेव्हा मला मशीनची माहिती नव्हती. पुढं ती झाली, तरी बरं वाटलं नाही. कारण पेशंट दुपारीच जायचे, अय्या एकटे राहायचे, आणि आवाज रोज दिवेलागणीलाच यायचा. ते स्वतःचा पाय तपासत असतील म्हणावं, तर एकदा आवाज चालू असताना मला ते अंगणात तुळशीला पाणी घालताना दिसले. आत आवाज सुरूच होता.

त्यांच्या उंबऱ्याबाहेर तीन चपला असायच्या. दोन त्यांच्या. तिसरी बायकी, फक्त डाव्या पायाची. धूळ बसलेली कधी दिसली नाही. आमच्या आधीचे भाडेकरू महिनाभरात का पळाले, ते गल्लीतल्या बायकांनी मला त्या चपलेकडे बोट करून सांगितलं. मी विज्ञानाची शिक्षिका. भुतांवर माझा विश्वास नाही. तरी संध्याकाळी त्या दारावरून जायचं झालं तर मी पदर सावरून पलीकडच्या कडेनं जायचे.

अशा घरात आमच्या आत्ती राहायला आल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, बिद्रीकडच्या. आवाज असा की त्या घरात कुजबुजल्या तर कोपऱ्यावरच्या वाण्याला कळावं. त्या रोज मंदिराला निघायच्या आणि वाटेत थांबत थांबत जायच्या. उजव्या पोटरीत गोळा यायचा. थांबलं की जायचा, चाललं की परत यायचा. "वात हाय," आत्ती म्हणायच्या. अय्या खिडकीत बसून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकायचे. एकदा आत्ती आमच्या दारात पोचतायत तोच मागून, अनवाणी, न वाजता येऊन अय्या म्हणाले, "अव्वा, उजवा पाय रुसलाय. दाखवा."

आत्ती भिंतीला चिकटल्या. "अय्यानं माझ्या पायाला हात लावायचा? मेल्यावर तोंड कुठं दाखवू?"

त्यानंतर आत्तींनी मंदिराची वाटच बदलली. त्या पायाची करंगळी काळी-निळी पडली ती माझ्यापासूनही लपवली. झोपताना पाय दुखायचा तो पलंगाखाली सोडून बसायच्या. मी ओरडले, दुसऱ्या डॉक्टरकडे चला म्हणाले. "वाताला डॉक्टर लागत न्हाय," एवढंच उत्तर. बोट काळं पडलंय आणि ही बाई हट्टाला पेटलीय, पाय जाणार हिचा, हे मला दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते. राग राग व्हायचा माझा.

थंडीचे दिवस होते. संध्याकाळी वीज गेलेली. आत्तींनी तव्यावर रुईची पानं गरम केली, चुलीवर वीट तापवली, चिरगुटात गुंडाळली आणि शेक घ्यायला बसल्या. घरभर रुईच्या पानांचा करपट वास पसरला. भिंतीतला आवाज चालू होता. हुऽश्श, हुऽश्श. आणि मधेच तो तुटला.

मी मान वर केली, तर अंधारात स्वयंपाकघराच्या दारात नुसतं पांढरं धोतर उभं. धोतर पुढं आलं, आत्तींच्या पायाजवळची वीट चिरगुटासकट उचलली आणि मागच्या दारातून परसात भिरकावली.

"वीट ठेवू नगा!" अय्या ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "त्या पायाला चटका कळत न्हाय, अव्वा! भाजतंय, पर कळत न्हाय!"

"पायाकडं येऊ नगा अय्या! मरीन, पर पाय देनार न्हाय!" आत्तींनी लुगडं पावलांवर ओढून घेतलं.

अय्या जमिनीवरच बसले. मेणबत्तीच्या उजेडात ते आत्तींच्या झाकलेल्या पावलांकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, "बाई, पाट हाय का? आन् तांब्याभर पाणी."

मी पाट मांडला. अय्या त्यावर बसले, धोतर वर घेतलं आणि आपले दोन्ही पाय पुढं केले. "अव्वा, आधी तुम्ही माझं पाय धुवा. मग मी तुमचं बगतो. फिट्टंफाट."

जंगमानं आपणहून पाय पुढं केलेले, नाही कसं म्हणणार? आत्ती सरकत आल्या. पाय धुतले, पदरानं पुसले, ओंजळभर पाणी तोंडाला लावलं. अय्या त्यांच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते.

मग त्यांनी मशीन आणलं. ते बॅटरीवर चालायचं. आधी दंडाचं प्रेशर घेतलं. डावा पाय पट्कन बोलला. उजव्या पायावर कांडी टेकवली तर पेटीतून नुसती खरखर. कांडी इकडं सरकवली, तिकडं सरकवली. खरखर. त्या अंधारात ती खरखर ऐकताना मला आत्तींच्या तोंडाकडे बघवेना. अय्या कान पेटीला लावून पुटपुटत होते, "बोल. बोल की रे." आणि मग खूप लांबून, कुणी शेताच्या पलीकडून हाक द्यावी इतका बारीक, आवाज आला.

"हाय," अय्या म्हणाले. "लांब हाय, पर हाय." पट्टा बांधून त्यांनी आकडा घेतला. "हाताच्या निम्मं पण न्हाय. उद्या सकाळी दवाखान्यात न्यायचं. आता चार दिवस थांबलासा तर पाय जाईल."

मग आपल्या स्वभावाप्रमाणे आत्तींनी जे विचारायची माझी इतक्या वर्षांत छाती झाली नव्हती, ते सरळ विचारलं. "अय्या, तुमच्या भिंतीतनं रोज त्यो आवाज येतोय, त्यो कुणाचा वो?"

"हिचा," अय्या म्हणाले. "आमच्या गिरिजेचा. राह्यलेल्या पायाचा."

बायको दर सोमवारी त्यांचे पाय धुवायची. नवरा, आणि वर जंगम. त्यांच्यासमोर ती पाय पोटाशी घेऊन, लुगड्याखाली झाकून बसायची. पाय दुखला तर वात म्हणायची, ते दवाखान्यात गेले की रुईची पानं आणि वीट. ते घरी आले की तोच करपट वास यायचा. "मी विचारायचो, ती म्हणायची काय न्हाय, गुडघा धरलाय. गावाचं पाय बगत हिंडलो, अव्वा. माझं पाय तिनं जल्मभर धुतलं, आन् तिचं पाय मी बगितलंच न्हाईत. बगितलं तवा काळं झालतं." उजवा पाय कापावा लागला. मग त्यांनी हे मशीन आणलं, राहिलेल्या पायावर रोज संध्याकाळी राखण करायला. एकदा तो आवाज सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर घेतला. पुढं तिच्या हृदयानंच साथ सोडली. कॅसेट राहिली, आणि डावी चप्पल.

आत्तींनी नाक शिंकरलं. "म्हंजे भूत न्हाय," त्या म्हणाल्या. "बरं झालं. ही सून घाबरत हुती."

दुसऱ्या दिवशी आत्तींना दवाखान्यात नेलं. पायातल्या नळीचं ऑपरेशन झालं. करंगळी गेली, पाय राहिला. घरी आल्यावर अय्यांनी कांडी टेकवली आणि पेटीतून असा दणदणीत आवाज निघाला की आत्ती म्हणाल्या, "माझ्यावानीच वरडतोय की!" त्यानंतर दर सोमवारी आत्ती पलीकडं जाऊन अय्यांचे पाय धुवायच्या आणि मग निमूटपणे आपला पाय तपासून घ्यायच्या. दिवेलागणीचा आवाज मात्र रोजचा सुरूच होता. मीही आता पलीकडच्या कडेनं जायचं सोडलं होतं.

मग एका संध्याकाळी मी दिवा लावला आणि भिंत गप्प राहिली.

थोड्या वेळानं अय्या दारात आले. हातात कॅसेट, आणि तिच्यातून बाहेर आलेली, चुरगळून गोळा झालेली तपकिरी फीत. "टेपरेकॉर्डरनं खाल्ली," एवढंच म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. मला ते डोळे बघवले नाहीत. मी फीत पेन्सिलीनं गुंडाळून बघितली, पण ती मधेच तुटली होती. अय्या तशीच घेऊन परत गेले.

आत्ती भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हात धुतले, चपला पायात घातल्या आणि निघून गेल्या.

जरा वेळानं भिंतीतून आवाज आला. हुऽश्श. हुऽश्श. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, विज्ञान शिकवत असले तरी. मी पलीकडं गेले. त्या एका चपलेशेजारी आत्तींच्या चपला काढलेल्या होत्या. आत कुठं पट्टा नव्हता, प्रेशर घेणं नव्हतं. अय्या जमिनीवर बसले होते, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. आणि आमच्या आत्ती, ज्यांनी आयुष्यात आपणहून कधी पुरुषमाणसाच्या दिशेनं पाय केला नाही, त्या खुर्चीत बसून अय्यांपुढं आपला डावा पाय लांब करून होत्या. एका हातानं कांडी पावलावर स्वतःच धरली होती.

त्यांनी मला बघितलं आणि पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात बोलल्या. "डावाच दिलाय. ऐकू दे त्येस्नी."

मी उंबऱ्याबाहेर येऊन माझ्या चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता घरी आले.