लिंगोपंत तात्पुरते अध्यक्ष जाहले ती हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. धन्यांनी फर्माविले की, त्या राज्यात सत्ता कैसी उलथली आणि मध्यंतरी गादी कोणी राखिली ते खरे खरे लिहिणे; त्यावरून ऐकिले तैसे लिहिले असे.

शके सोळाशे ऐशी, बहुधान्य नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी सरलष्कर रायाजीराव यांनी तोफा वाड्याकडे वळविल्या आणि एकही न डागता थोरले अध्यक्ष यांस धरोन किल्ल्यावर कैदेत घातले. मग सरलष्कर गादीवर बसावयास निघाले, तो केशंभट जोशी पंचांग घेऊन आडवे आले आणि बोलले की, वाडा घेतला तो भद्रेच्या अशुभ वेळी घेतला, आता बसणे तरी मुहूर्त पाहून बसावे, नपेक्षा वंश बुडेल. सरलष्कर तोफेस भीत नसत, पंचांगास भीत. मग मुहूर्त निघेतो गादी राखावयास निरुपद्रवी मनुष्य पाहिजे जाहला आणि शोध करिता वाड्याच्या बागेवरील कारकून लिंगोपंत सापडले. त्यांशी उभ्या राज्यात कोणाचे वैर नव्हते, कारण ते कोणाच्या ध्यानातच नव्हते. पंत अंजिरास पाणी घालीत होते, तैसेच ओल्या पायांनी आणोन तात्पुरते अध्यक्ष केले. पंतांनी गादीवर न बसता शेजारी पाट मांडिला.

दुसरे दिवशी सरलष्करांनी थोरल्या अध्यक्षांस तोफेच्या तोंडी देण्याचा हुकूम लिहून आणिला आणि शिक्का करा म्हणोन पुढे ठेविला. पंतांची पाचावर धारण बसली. शिक्का करावा तर ज्यांचे अन्न वीस वर्षे खाल्ले त्यांचा जीव जातो, न करावा तर आपला जातो. शिक्का दोन वेळा शाईत पडला, आणि मग पंत हळूच बोलले, "सरकार, मी तात्पुरता मनुष्य. जीव घेणे हे कायमचे काम. तात्पुरत्याने कायमचे काम केले तर दोष कोणास लागेल, ते एकवार जोशीबुवांस पुसावे."

जोशीबुवांनी पंचांग चाळोन दोष सरलष्करांसच लागतो ऐसे सांगितले. सरलष्करांचा मिशीवरचा हात खाली आला आणि ठरले की, गादीवर बसतील त्या दिवशी त्यांनीच स्वहस्ते शिक्का करावा. त्याच सायंकाळी पंतांनी अंजिरांची एक टोपली जोशीबुवांकडे पाठविली. मग पौष निषिद्ध निघाला, मग शुक्राचा अस्त जाहला, मग सिंहस्थ लागला, मग अधिक मास आला, आणि टोपल्या जात राहिल्या. इकडे सरलष्करांचा गादीवर बसण्याचा अंगरखा तीन वेळा उसवोन सैल करावा लागला.

नववे वर्षी अंजिरास कीड लागली आणि एक फळ हाती आले नाही, आणि लागलाच वैशाख शुद्ध दशमीचा मुहूर्त निघाला. पंतांस बहुत दुःख जाहले आणि ते झाडाखाली बसोन रडले. परंतु सप्तमीस सरलष्कर अंगरखा अंगास येतो की नाही ते पाहात असता छाती धरोन खाली बसले आणि वारले. त्या मरणास मुहूर्त कोणी काढिला नव्हता.

एवंच, दशमीचा मुहूर्त वाया न जाता थोरले अध्यक्ष किल्ल्यावरून आणोन त्याच मुहूर्तावर गादीवर बसविले, हुकूम बिनशिक्क्याचा राहिला, आणि पंत आपला पाट घेऊन बागेत गेले. पुढले वर्षी झाडे पुन्हा फळली. जोशीबुवांकडे टोपली गेली नाही. वर्तमान येणेप्रमाणे घडले.