समुद्राला श्वास धरायला सांगणारे डॉक्टर

"श्वास आत घ्या. धरा. हलू नका. हं, सोडा."

डॉक्टर भोयर हे समुद्राला सांगतात. मराठीतून सांगतात. लाट वर चढली की 'धरा', मग कॅमेऱ्याचं बटण, आणि लाट फुटली की 'सोडा'. समुद्र आयर्लंडचा, त्याला मराठी काय कळणार, असं मी एकदा बोललो. तर म्हणाले, "पेशंटला तरी कुठं कळते, काका? पण सांगावं लागते ना."

हे एक्सरेचे डॉक्टर. मूळचे वर्ध्याचे. इथल्या नावन गावच्या इस्पितळात दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या बरगड्या बघतात. लग्न केलेलं नाही. रोज इतक्या बरगड्या बघितल्यावर कुणाचं मन होईल? शनिवारी सुट्टी मिळाली की गाडी काढून लेटाउनच्या किनाऱ्यावर जातात आणि जाताना मला घेऊन जातात. मी चौथी शिकलेला माणूस, पाचवीत मास्तरांशी पटलं नाही. पुढं गुहागरला जन्मभर टेम्पो चालवला. आता मुलाकडे नावनला असतो. सुहास आणि सून दोघंही ब्लँचर्डस्टाउनला कामाला जातात.

आमची ओळख झाली ती सूर्यामुळे. सुहासने मला पहिल्यांदा लेटाउनला नेलं तेव्हा संध्याकाळ होती. हे गृहस्थ तीन पायांचा स्टँड रोवून समुद्राकडे तोंड करून उभे. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, सूर्यास्ताची वाट पाहून राहिलो. मीही शेजारी उभा राहिलो. आमच्या गुहागरला सूर्य समुद्रातच बुडतो, दुसरीकडे कुठं बुडायला त्याला जागाच नाही. बराच वेळ झाला. एक गोरा म्हातारा कुत्रा घेऊन आला, आमच्याकडे बघून हसला आणि बोटाने मागं दाखवलं. मागं घरांच्या छपरांवर सूर्य बुडून गेलेला होता. हा किनारा पूर्वेचा, इथं सूर्य समुद्रातून वर येतो. डॉक्टर म्हणाले, "आपलं चुकलं." मी म्हटलं, तुमचं चुकलं असेल, मी नुसता उभा होतो.

तेव्हापासून सकाळी जातो.

फोटो निघाला की डॉक्टर त्याचा रिपोर्ट देतात. "डावीकडे ढग. क्षितिज अस्पष्ट. मागच्या शनिवारच्या तुलनेत फरक नाही." पाऊस असला तरी काढतात, धुकं असलं तरी काढतात. धुक्यातल्या फोटोत नुसतं पांढरं दिसतं. मी म्हटलं, हा भिंतीचा फोटो आहे. म्हणाले, "नाही काका, नीट पाहा, आत समुद्र आहे." मी नीट बघितलं. भिंतच होती.

माणसांचे फोटो त्यांना जमत नाहीत. गणपतीत इथल्या मराठी मंडळाने त्यांच्या हातात कॅमेरा दिला. त्यांनी सगळ्यांना 'श्वास धरा' सांगितलं आणि सोडायला सांगायचं विसरले. आमच्या मंडळाच्या फोटोत सगळी माणसं गाल फुगवून उभी आहेत, आरतीवर रागावल्यासारखी.

आता हा उद्योग कशासाठी, ते सांगतो. डॉक्टरांची आई वर्ध्याला एकटी राहते. ऐंशीच्या पुढची बाई. तिला इकडे आणायचं म्हणून डॉक्टरांनी व्हिसा काढला, घरात तिच्यासाठी खोली लावली, पलंगाशेजारी दिवासुद्धा बसवला. म्हातारीने बॅग भरली. तेवढ्यात शेजारणीने तिला सांगितलं की तिकडे सूर्य नसतो, समुद्र काळा असतो आणि म्हाताऱ्या माणसांची हाडं भिजून जातात. झालं. म्हातारीने अट घातली : समुद्रावर लख्ख ऊन पडलेलं दाखव, त्याच दिवशी तिकीट काढ. एक जरी ढग दिसला तरी येणार नाही.

आता इथलं ऊन पडायचं मंगळवारी आणि डॉक्टरांना सुट्टी शनिवारी. एका मंगळवारी असं ऊन पडलं की सुनेने कामावर जायच्या आधी गाद्या बाहेर टाकल्या. मी डॉक्टरांना फोन केला, म्हटलं बसने जातो आणि माझ्या मोबाइलवर काढून आणतो. म्हणाले, "नको काका, तुमचा हात हलते." मी कुंभार्ली घाटात टेम्पो एका हाताने उतरवलेला माणूस. शनिवार येईपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही.

सुहास म्हणाला, "डॉक्टर, कशाला त्रास घेता? कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत ऊन टाकून देतो." तर म्हणाले, "एक्सरेत हाड टाकून देता येते काय?" आणि दर शनिवारी ढगांचे फोटो इमानदारीत आईला पाठवत राहिले. आई दर शनिवारी बॅगेवरची धूळ पुसून परत ठेवत राहिली.

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी मात्र ऊन पडलं. आकाश पुसून काढलेलं, समुद्र निळा, वाळू डोळ्यांना टोचत होती. डॉक्टरांनी फोटो काढला आणि मला दाखवला. "काहीच दोष नाही," असं हळूच म्हणाले. मी म्हटलं, बघताय काय, पाठवा आणि तिकीट काढा.

फोन हातात घेऊन ते दगडावर बसले. म्हणाले, "काका, एक विचारू? घरचे कामावर गेले की तुम्ही दिवसभर काय करता?"

हे मला सगळेच विचारतात. मी 'मजेत' म्हणतो. त्या दिवशी का कोण जाणे, सांगितलं. कचऱ्याची गाडी येते ती बघतो. पोस्टमन येतो, तो हात करतो. मग टीव्ही लावतो. भाषा कळत नाही, पण माणसांचे आवाज असतात.

"आणि गावी?"

"गावी दारात बसलो की चहा निवायच्या आत तिघांशी भांडण होतं."

तेवढ्यात आईचाच फोन आला. वारा होता म्हणून डॉक्टरांनी आवाज मोठा केला. पलीकडे बायकांचं हसणं, भांड्यांचा आवाज.

"राजू, ऊन पडलं काय रे?"

"आई, कोण आहे तिथं?"

"कोण राहणार? गल्लीतल्या साऱ्या जमल्या. काडीवर कणकेचे सरगुंडे वळून राहिलो. या सुमनचे सारे वाकडे होऊन राहिले, तिलेच हसून राहिलो. ऊन पडलं काय, सांग ना."

डॉक्टर डोळ्यांवर हात धरून समुद्राकडे बघत होते. इतकं ऊन होतं.

"नाही ना, आई. आज बी ढगच आहे."

"बरं. पाहू पुढच्या शनिवारी. कान बांधत जाय."

फोन बंद झाला. स्टँड मिटत डॉक्टर म्हणाले, "काका, भांडावंसं वाटलं तर मले फोन करत जा. ड्यूटीवर असलो तरी उचलीन."

मी म्हटलं, मग आत्ताच घ्या. यायचं की नाही ते म्हातारीने ठरवायचं. तिला न विचारता तुम्ही ठरवलंत, हे साफ चूक आहे.

"चूक तर आहेच," डॉक्टर म्हणाले.

या माणसाला भांडतासुद्धा येत नाही.