कौतुक, काशीरामच्या नावाने

पोरीचं तोंडावर कौतुक केलं की दृष्ट लागते, हा प्रभाकर टिपणिसांच्या घराण्याचा कायदा. चारुता दहावीला शाळेत पहिली आली तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, "गणितातले दोन मार्क कुठे सांडलेस?" हीच चारुता आता फ्रान्सला नोकरीला निघाली होती. उद्याचं विमान होतं. बाई गं, तुझा अभिमान वाटतो, एवढं प्रभाकररावांनी तिला जाण्याआधी सांगायलाच हवं होतं. पण मराठीत जीभ रेटेना!

त्यावर त्यांनी केव्हाच उपाय काढून ठेवला होता. चारुता हॉलमध्ये बसून ऑनलाइन फ्रेंच शिकवायची. विचुंबे गावच्या काशीरामचं, आपल्या मित्राचं, नाव टाकून प्रभाकरराव बेडरूममधून त्याच वर्गात बसू लागले. दार लावलेलं, कॅमेरा बंद, आवाज घोगरा. कौतुक फ्रेंचमध्ये करायचं; दृष्टीला फ्रेंच थोडंच कळतंय!

पण झालं भलतंच. जेवायला बसलं की चारुता सुरू व्हायची, "काशीरामकाका बघा, या वयात काय मन लावून शिकतात! नाहीतर तुम्ही, बाबा." स्वतःचं एवढं कौतुक ऐकून प्रभाकररावांचा जळफळाट व्हायचा. काशीरामशी तर त्यांनी बोलणंच कमी केलं.

आज शेवटचा वर्ग होता, आणि धडा नेमका कौतुकाचा.

"काशीरामकाका, तुम्हाला कोणाचा अभिमान वाटतो?"

"माझ्या मुलीचा."

"मग ती समोर आहे असं समजा आणि तिला सांगा."

प्रभाकररावांनी डोळे मिटले. "झ स्वी फ्येर द त्वा." तुझा अभिमान वाटतो. सुटलो बुवा एकदाचे, असं त्यांना झालं.

तेवढ्यात बेल वाजली. "अहो, बाहेर या!" त्यांच्या पत्नी सुनीताबाई ओरडल्या. "काशीरामभाऊजी आलेत!"

हॉलमधली ती हाक प्रभाकररावांना हेडफोनमधूनही ऐकू आली. पडद्यावर चारुताच्या मागे साक्षात काशीराम उभा, हातात पिशवी. "पोर चालली ना परदेसात, म्हनून जिताडा मासा आनलाय. परबाकर कुटं हाय?"

चारुताने एकदा काशीरामकडे पाहिलं, एकदा बेडरूमच्या बंद दाराकडे. मग शांतपणे म्हणाली, "काशीरामकाका, उच्चार जमला नाही. पुन्हा म्हणा."

"कोन, मी?" काशीराम दचकला.

"तुम्ही नाही, काका. बेडरूममधले."

बेडरूमचं दार उघडलं. मान खाली घालून प्रभाकरराव उंबऱ्यात उभे राहिले आणि आपल्या खऱ्या आवाजात म्हणाले, "झ स्वी फ्येर द त्वा."

"आता मराठीत सांगा."

प्रभाकररावांनी घसा खाकरला. बराच वेळ खाकरला.

"पासपोर्ट हँडबॅगमध्येच ठेवलायस ना गं?"

चारुताने डोळ्यांना ओढणी लावली आणि वर्गाकडे वळली.

"भाषांतर अगदी बरोबर आहे," ती म्हणाली. "लिहून घ्या."