मुक्या घंटांची छाटणी

तो सकाळपासून कोड लिहीत होता आणि कीबोर्डशेजारी त्याचा फोन चालू होता. पलीकडे घरी बायको शिवणयंत्रावर बसली होती. दोघं बोलत मात्र नव्हते. तिला त्याची टकटक आणि बेसूर गुणगुणणं ऐकू यायचं, त्याला तिच्या यंत्राची घरघर. लग्नापासूनची ही सवय ऑफिसात कोणाला ठाऊक नव्हती. कात्रीबाईंना कळलं असतं तर त्यांनी त्याला सोलूनच काढला असता.

कात्रीबाई म्हणजे त्याच्या बॉस. काम करत नाही ते कापायचं, हा त्यांचा खाक्या. शहरभरच्या लिफ्टमधल्या धोक्याच्या घंटा या कंपनीच्या संगणकाला जोडलेल्या होत्या, आणि प्रत्येक जोडणी तिथे जागा अडवून बसायची. म्हणून बाईंनी फर्मान काढलं, की जी जोडणी तासभर गप्प असेल ती तोडून टाका. त्याने ते इमानेइतबारे केलं. दुपारपर्यंत संगणक असा काही पळायला लागला, की बाई त्याच्या बढतीचं बोलायला त्याला घेऊनच मोठ्या साहेबांकडे निघाल्या. गडबडीत त्याचा फोन टेबलावरच राहिला.

दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टने अंग टाकलं.

बाईंनी शांतपणे घंटेचं बटण दाबलं. "आपलीच यंत्रणा आहे. आत्ता येतील."

कोणी आलं नाही. बाईंच्या फोनला आत रेंज नव्हती. त्या पुन्हा पुन्हा बटण दाबू लागल्या. लिफ्टची घंटा गप्प असते कारण कोणी अडकलेलं नसतं, हे त्याला स्वतः अडकल्यावर सुचलं. आपला संबंध तुटलाय हे बिचाऱ्या घंटेलाही कोणी कळवलं नव्हतं.

"मॅडम, ही घंटा... तासभर गप्प होती."

"म्हणजे हीपण कापलीत?"

"सगळ्याच."

बढतीचा विषय तिथेच मिटला. मग दोघं मिळून दार बडवू लागले.

इकडे घरी बायकोने यंत्र थांबवलं. टकटक नाही, गुणगुणणं नाही. एरवी उठताना तो "आलो गं" म्हणायचा, तेही नाही. तिने फोनवरून हाका मारून पाहिल्या, पण त्याच्या शेजारची सहकारीण कानात गाणी घालून बसली होती. शेवटी बायकोने फोन यंत्राला टेकवला आणि यंत्र सुसाट सोडलं. तो घरघराट गाण्यांतूनही आरपार गेला. सहकारिणीने दचकून फोन उचलला.

"अहो, आमचे हे कुठे आहेत बघा ना. बराच वेळ गुणगुणले नाहीत."

सहकारिणीने शोधाशोध केली, तेव्हा कुठे लिफ्टची धडधड ऐकू आली.

सुटका झाल्यावर तिने सगळी हकीकत बाईंसमोरच रंगवून सांगितली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी टेबलावरचा फोन पाहिला. तो अजून चालूच होता.

"दिवसभर असतो हा असा?"

"हो, मॅडम."

"आणि बोलता काय?"

"काही नाही."

आता नोकरीही कापली जाणार, अशी त्याची खात्री झाली. बाई मात्र एवढंच म्हणाल्या, की सगळ्या घंटा आधी परत जोडा, आणि त्या गप्प राहिल्या तर तोडू नका, अधूनमधून हाक मारून आहेत का ते विचारत जा. मग त्या केबिनमध्ये गेल्या. दार लोटायचं राहिलं होतं.

"अहो, मीच बोलतेय. नाही, काम काही नाही. ठेवू नका, नुसता बाजूला असू द्या."

तो घंटा जोडत बसला. थोड्या वेळाने केबिनमधून बाईंचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं, त्याच्याहून बेसूर.