लांजेवार बाईंचे पाहुणे

लांजेवार बाई माझ्या दुकानात आल्या, पिशवीतून एक लोकरीची शाल काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "तारा, याचं स्वेटरसारखं काहीतरी शिवून दे. छाती एकोणतीस, कंबर सोळा."

मी माप लिहून घेतलं आणि परत वाचलं. साकोलीतल्या निम्म्या बायकांची मापं माझ्याकडे आहेत. असं माप मी कुणाचं घेतलं नव्हतं.

"बाह्या किती ठेवू, बाई?"

"बाह्या नको. पुढं दोन भोकं ठेव आणि पोटाखालून नाडी."

"कुणासाठी आहे?"

बाई माझ्या मशीनकडे बघत म्हणाल्या, "आहेत एक पाहुणे. त्यांना थंडी सोसत नाही."

बाईंच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. पाहुणे कोण, हे मला चांगलं माहीत होतं. मी शाळेत त्यांच्या हाताखाली शिकले आहे, म्हणून हसले नाही. ते स्वेटर शिवलं आणि दुसरं न विचारता शिवायला घेतलं, कारण पाहुणे दोन होते.

सुलतान आणि बिजली. बाईंच्या मुलानं, मनोजनं, पंजाबकडच्या एका ट्रकवाल्याकडून आणलेले ग्रेहाउंड कुत्रे. मनोजला तेव्हा शर्यतीचा नाद होता. धान निघाल्यावर मोकळ्या शेतांत, बांध्यांमध्ये कुत्रे पळायचे तेव्हा बघायला अख्खा मोहल्ला जायचा. बिजली तर दिसायचीच नाही, नुसती धूळ दिसायची. पुढे त्यांचे पाय गेले, मनोजचा नाद गेला आणि त्याला पुण्याला नोकरी लागली. कुत्रे मागे राहिले. विचारलं की बाई सांगायच्या, "मनोजचे आहेत. जागा मोठी मिळाली की नेणार आहे."

बाईंना कुत्र्याची किळस. शाळेच्या आवारात कुत्रं शिरलं की छडी घेऊन त्या स्वतः मागे लागायच्या. अशा बाईंच्या पदरी ही दोन म्हातारी जनावरं आली. ग्रेहाउंडच्या अंगावर मांस म्हणून नसतं. फरशीवर झोपला की हाडं टोचतात, कातडी सोलते. बाईंनी पोत्यात धानाचं वाळलं तणस भरून गादी केली, ती कमी पडली म्हणून दिवाणावरची गादी खाली आली. मग सुलतानला उतरण्याचा कंटाळा येतो म्हणून तो दिवाणावरच राहिला आणि बाई चटईवर झोपू लागल्या. कुणी आलं की बाई घाईघाईनं चटई गुंडाळायच्या आणि दिवाणाकडे पाठ करून उभ्या राहायच्या, जणू पाठीमागे कुणी लोळत नाही.

त्यात हे कुत्रे डोळे उघडे ठेवून झोपतात. एकदा सिलिंडरवाला आत डोकावला, सुलतानला बघितलं आणि बाहेर जाऊन सांगितलं की बाईंचा कुत्रा मेला. समोरच्या दोघी डोक्यावरून पदर घेऊन भेटायला आल्या. बाईंनी त्यांना दारातच थांबवलं. "झोपला आहे," म्हणाल्या. त्या दोघींना ते मरणाबद्दलचंच हळवं बोलणं वाटलं. एकीनं बाईंचा हात धरला. तेवढ्यात सुलताननं जांभई दिली.

बाई शुद्ध शाकाहारी. जनावरांच्या डॉक्टरांनी कुत्र्यांना उकडलेली अंडी द्यायला सांगितली तेव्हा बाईंनी मला हाक मारली. "तू आण. दुकानदाराला तुझ्यासाठीच आहेत म्हणून सांग." अंडी मेथीच्या जुडीखाली झाकून मी मागच्या दारानं आत द्यायची. दोघांना फिरवायला त्या भर दुपारी न्यायच्या, सगळी गल्ली झोपलेली असताना, तलावाच्या पाळीवरून. तरी कुणीतरी भेटायचंच आणि म्हणायचं, "काहून बाई, खायले नाही देत का यायले? बरगड्या दिसून राहिल्या." बाईंचा चेहरा पडायचा. त्या वर्गात समजावतात तसं समजावून सांगायच्या की ही जातच अशी असते. ऐकणारा पुढे निघून गेला तरी त्यांचं सांगणं चालू असायचं.

आम्हा मुलींना त्यांनी भाषेपायी फार छळलं होतं. कुणी 'मले' म्हटलं की पाटीभर 'मला' लिहायला लागायचं. आणि आता भिंतीपलीकडून बाईंच्याच तोंडून ऐकू यायचं, "काहून रुसून राहिली वं बिजली? दोन घास खाऊन घे माय. उठ गा सुलतान, तुले पाय चोळून देतो." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, बाईंकडे गावाकडून कुणी आलं असेल.

आणखी एक ऐकू यायचं ते फोनवरचं बोलणं. मनोज यायचं म्हणाला की बाईंकडे काही ना काही कारण तयार असायचं. "सध्या येऊ नको, ऊन फार आहे." "गल्ली खोदून ठेवली आहे." "नळाला पाणी नाही." आमच्याकडे नळ धो धो वाहायचा. एकुलता एक मुलगा, त्याला ही बाई घरी का येऊ देत नाही, हे मला कळत नव्हतं. मला वाटायचं, कुत्रे गळ्यात टाकून गेला म्हणून राग असेल.

थंडीत बिजलीचा मागचा पाय सुजला. आम्ही तिला ऑटोत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बिजलीचं धड बाईंच्या मांडीवर, शेपूट माझ्या मांडीवर. डॉक्टर नवे होते, तरुण, हळू हातानं बघत होते. पायाचं औषध सांगून झाल्यावर त्यांनी तिच्या मानेवरून हात फिरवला.

"इथं गोल केस गेलेत. पट्टा फार घट्ट बांधत होते का?"

"पट्टा नाही. दोर होता," बाई म्हणाल्या.

"कुणी बांधला होता?"

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या खोटं सांगतील असं मला वाटलं. मग त्या खाली बघून म्हणाल्या, "माझ्या मुलानं. जंगलात."

डॉक्टरांनी बिजलीच्या मानेवरचा हात काढला नाही.

परत येताना बाईंनी सांगितलं. ऑटोच्या आवाजात मला कान जवळ न्यावा लागला.

"पुण्याले जायच्या आदल्या दिवशी तो दोघांले गाडीत घालून घेऊन गेला. मले म्हणे, लाखनीच्या एका शेतकऱ्याले दिले, मोठं वावर आहे त्याचं. मीपण बरं म्हटलं. तो गेला पुण्याले. अन् त्याच दिवशी मोहफुलं वेचाले गेलेली एक बाई दारात आली. तुझ्याच वर्गातली. म्हणे, बाई, तुमच्या मनोजभाऊचे कुत्रे नागझिऱ्याच्या रस्त्यानं आत झाडाले बांधून आहेत."

"मग?"

"मग काय. मी तिले म्हटलं, हो, तो पाणी आणाले गेला असन." बाई थांबल्या. "ती उभीच राहिली माझ्याकडं पाहत. तिच्यासमोर मी असं बोलली, तारा. तिले मी खरं बोलायचं शिकवलं होतं."

त्या एकट्या ऑटो करून गेल्या होत्या. बिबट्याचं रान ते. दोघं कुत्रे झाडाभोवती फिरून फिरून दोराला गुंडाळले गेले होते. बाईंना कुत्र्याला हात कसा लावायचा हेही माहीत नव्हतं. गाठ सुटेना तेव्हा त्यांनी दातांनी सोडवली.

"मनोजला माहीत आहे का, ते जिवंत आहेत म्हणून?"

"नाही." बिजलीच्या कानावरची माशी त्यांनी हाकलली. "मले समजलं हे त्याले समजलं, तर तो माझ्यापुढं उभा कसा राहीन? पोरगा आहे माझा."

ऊन, खोदलेली गल्ली, नळाला नसलेलं पाणी, सगळ्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

आणि मग एका रविवारी सकाळी मनोज न सांगता आला. नागपूरला कामासाठी आला होता, तिथून बसनं इकडे. मी ओट्यावर ब्लाउजला हुक लावत होते. बाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"आत नको येऊ. सारवलं आहे."

"टाइल्सच्या घराले कोण सारवते, आई?" तो हसत होता. "तब्येत ठीक आहे ना तुझी?"

आतून नखांचा आवाज आला. टक, टक, मध्येच थांबून पुन्हा टक. बाई बाजूला सरकल्या नाहीत, पण बिजली त्यांच्या लुगड्याच्या बाजूनं वाट काढत बाहेर आली. मनोजचं हसू तोंडावरच राहिलं. बिजलीनं त्याचा बूट हुंगला, पँट हुंगली, मग वळली आणि बाजूनं टेकून सगळं अंग त्याच्या गुडघ्यांवर टाकून उभी राहिली. तिला नीट बसता येत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या पायांवर असं रेलून ती विसावा घेत असे.

मनोजनं तिच्या मानेकडे बघितलं. केस नसलेल्या त्या गोलावर त्याची नजर अडकली.

"आई," तो म्हणाला.

"चहा ठेवते," म्हणून बाई आत गेल्या. मला कुठं उभं राहावं कळेना, म्हणून मीही त्यांच्या मागे गेले. दिवाणावर सुलताननं मान वर केली, दाराकडे बघितलं आणि पुन्हा खाली ठेवली.

बाईंनी चहा उकळवला, दोनदा उकळवला. शेगडीकडे तोंड करूनच त्यांनी विचारलं, "तो हलला का?"

मी डोकावून बघितलं. मनोज उंबऱ्याबाहेर तसाच होता. बॅग खांद्यावरून घसरून कोपरात अडकली होती, ती त्यानं काढली नव्हती. एक पाऊल जरी उचललं असतं तर बिजली पडली असती. त्याचा एक हात तिच्या पाठीवर होता आणि तोंड भिंतीकडे होतं.

"नाही बाई. तसाच उभा आहे."

बाईंनी गॅस बंद केला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

"मंग राहू दे," त्या म्हणाल्या. "चहा नंतर नेऊ."